कच्चं बिल, पक्कं बिल आणि व्हॅटचं रिटर्न : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हॅटवर, म्हणजे मूल्यवर्धित करावर, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला, त्यातले निम्मे प्रश्न 'रिटर्न कसं भरायचं' असे आहेत. रिटर्न भरणं हे अर्ध्या तासाचं काम आहे हो, घोडं पेंड खातं ते आधीच्या तीन महिन्यांत, बिलं फाडताना. म्हणून उत्तरं बहुतेक बिलांबद्दलच आहेत, राग मानू नका. जीएसटी म्हणा नाहीतर व्हॅट म्हणा, घराणं एकच, नियम मात्र देशागणिक वेगळे, त्यामुळे जिथे देशाचं नाव घेतलंय तिथे तो नियम त्या देशापुरताच धरा.

ताई, गिऱ्हाईकाकडून मी व्हॅट घेतो हे खरंय, पण तिमाही संपली की भरायला खात्यात तेवढे पैसे कधीच नसतात. माझ्या खिशातून गेल्यासारखं वाटतं. हा टॅक्स नक्की भरतं कोण, मी का गिऱ्हाईक?

गिऱ्हाईक भरतं, तुम्ही फक्त हमाल. आकडे घालून बघूया, दर २० टक्के धरा. लाकूडवाल्याने सुताराला १०० चं लाकूड विकलं, वर २० व्हॅट लावला, ते २० त्याने सरकारात भरले. सुताराने टेबल बनवून दुकानदाराला २५० ला दिलं, वर ५० लावले, पण त्याने लाकडावर २० आधीच दिलेत म्हणून ते वजा करून ३० भरले. दुकानदाराने ४०० ला विकलं, ८० लावले, त्यातून सुताराला दिलेले ५० वजा, म्हणजे ३० भरले. आता बेरीज मारा, २० अधिक ३० अधिक ३०, ८० झाले, आणि शेवटच्या गिऱ्हाईकाने दिलेला व्हॅटही ८० च. मधल्या तिघांच्या खिशाला काहीच लागलेलं नाही, तिघांनी नुसते पैसे पुढे सरकवलेत. १९५४ साली फ्रान्समध्ये मोरिस लोरे नावाच्या टॅक्सखात्यातल्या अधिकाऱ्याने ही कल्पना अमलात आणली, आणि त्यातली खरी हुशारी कुठे आहे सांगू का, प्रत्येकाला आपली वजावट मिळवायची असते म्हणून प्रत्येक जण मागच्याकडून पक्कं बिल मागतो. सरकारला फुकटात पहारेकरी मिळाले.

मग तुमच्या खिशातून का जातात? कारण ते पैसे तुम्ही धंद्यात फिरवता. गिऱ्हाईकाने ४८० दिले की सगळे ४८० आपलेच वाटतात, त्यातून पगार होतात, भाडं जातं. मी माझ्या क्लायंटना एकच सांगते, बँकेत दुसरं खातं उघडा आणि दर आठवड्याला जमा झालेल्या रकमेतला व्हॅट तिकडे ढकला. तो काढताना एक चूक हमखास होते. दर २० टक्के असला तरी ४८० चे २० टक्के काढायचे नाहीत, ते ९६ होतात. टॅक्ससकट रकमेचा सहावा हिस्सा म्हणजे ८०, हा खरा व्हॅट. एक बाई वर्षभर ९६ च्या हिशेबाने भरत होत्या आणि धंद्यात काही उरत नाही म्हणून रडत होत्या, आम्ही उलट हिशेब मांडला तेव्हा कळलं की पैसे जास्तीचे गेलेत. परत मिळाले म्हणा, पण वेळ गेला.

गिऱ्हाईकाने पैसे दिलेच नाहीत तर? आठ महिने झाले, फोन उचलत नाही. त्या बिलावरचा व्हॅट मी पदरचा भरलाय.

हा प्रश्न आठ जणांनी विचारलाय, म्हणजे उधारीचं दुखणं सगळीकडे सारखंच. सर्वसाधारण नियम असा की बिल फाडलं की व्हॅट देणं लागतं, पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. म्हणून ओळखीचा माणूस असो नाहीतर नातेवाईक, तिमाहीच्या शेवटच्या दिवशी मोठं बिल फाडताना दोनदा विचार करा. काम खरंच पुढच्या तिमाहीत संपणार असेल तर आत्ता बिल फाडायची घाई कशाला? उलट, बिल उशिरा फाडून पळवाट काढू म्हणाल तर तेही चालत नाही, काम झालं किंवा माल गेला की देणं लागलंच. आणि ऍडव्हान्स घेतला असेल तर त्या ऍडव्हान्सवर ज्या दिवशी पैसे आले त्याच दिवशी, हे तर भल्याभल्यांना माहीत नसतं, ते सगळं शेवटच्या बिलात एकदम दाखवतात आणि मग व्याज लागतं.

आता बुडीत उधारीचं. बऱ्याच देशांत त्यावर भरलेला व्हॅट परत मिळवायची सोय आहे, फक्त आपसूक काहीच होत नाही, मागावं लागतं. ब्रिटनचा नियम घ्या, पैसे देण्याची तारीख उलटून सहा महिने झाले पाहिजेत, त्या बिलाचा व्हॅट तुम्ही आधी रिटर्नमध्ये भरलेला पाहिजे, आणि तुमच्या वहीत ती रक्कम वेगळ्या बुडीत खात्यात टाकलेली पाहिजे. हे तिसरं लोक विसरतात. आणि नाण्याची दुसरी बाजू, तुम्हीच कुणाचं बिल सहा महिने थकवलंत तर त्यावर वजा घेतलेला व्हॅट तुम्हाला परत भरावा लागतो! ही एंट्री मी आजवर फार थोड्या वह्यांमध्ये आपणहून केलेली पाहिलीय.

उधारीवरच धंदा चालतो अशांसाठी कॅश अकाउंटिंग नावाची स्कीम असते, पैसे हातात आले की मगच व्हॅट. ब्रिटनमध्ये वर्षाची करपात्र उलाढाल १३ लाख ५० हजार पौंडांच्या आत राहील असा अंदाज असेल तर त्यात जाता येतं. अट एवढीच की खरेदीचा व्हॅटही तुम्ही पैसे चुकते केल्यावरच वजा घ्यायचा. ज्याची विक्री रोख आणि खरेदी उधारीवर त्याने यात पडू नये, उगाच तोटा होईल.

माझ्याकडे पावती आहे, बँकेतून पैसे गेल्याची नोंद आहे, माल दुकानात आहे, तरी वजावट नाकारली. हा अन्याय नाही का?

तुम्ही पावतीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रोफॉर्मा' लिहिलंय. ते बिल नाहीच, ते नुसतं 'एवढे पैसे लागतील' असं सांगणारं पत्र आहे. पैसे दिल्यावर खरं बिल मागायचं राहून गेलंय. आजच मागा, दुकान चालू आहे तोवर मागा. एकदा समोरचा धंदा बंद करून गेला की बिल आणायचं कुठून?

बँकेच्या स्टेटमेंटने पैसे गेले हे सिद्ध होतं, व्हॅट दिला हे नाही. समोरच्याने त्यातला टॅक्स किती धरला, धरला की नाही, त्याचा व्हॅट नोंदणीचा नंबर चालू आहे का, यातलं काहीच स्टेटमेंटवर नसतं. युरोपियन युनियनच्या कायद्यात पक्क्या बिलावर काय पाहिजे हे नावनिशीवार दिलंय, बिलाची तारीख, ओळीने येणारा बिल नंबर, विकणाऱ्याचा व्हॅट नंबर, दोघांची नावं आणि पत्ते, माल काय आणि किती, माल दिल्याची तारीख वेगळी असेल तर ती, दर, दराप्रमाणे मूळ रक्कम आणि व्हॅटची रक्कम. छोट्या रकमेला सवलत असते, जर्मनीत २५० युरोपर्यंतच्या बिलावर घेणाऱ्याचं नाव नसलं तरी चालतं. त्याच्या वर गेलं की नाव हवंच, आणि ते धंद्याचं हवं. मालकाच्या घरच्या पत्त्यावर, त्याच्या स्वतःच्या नावाने आलेलं लॅपटॉपचं बिल हा वादाचा नेहमीचा विषय. ऑनलाइन काही मागवताना खातं वैयक्तिक आहे का धंद्याचं हे बघायला दहा सेकंद लागतात हो, आणि नंतर बिल बदलून घ्यायला दहा ईमेल.

बिल पक्कं असूनही वजावट न मिळणारे खर्चही असतात. पाहुण्यांची सरबराई, घरच्या वापराची गाडी, स्वतःचे कपडे, इथे बहुतेक देश हात आखडतात. मोबाइल अर्धा घरचा अर्धा धंद्याचा असेल तर अर्धाच घ्या, आणि अर्धा कसा ठरवला ते कागदावर लिहून फाइलला लावा, तपासनीस त्या एका कागदाने शांत होतो हा माझा अनुभव आहे.

दर शून्य असलेला माल आणि करमाफ माल यात फरक काय? दोन्हीत गिऱ्हाईकाला शून्यच.

गिऱ्हाईकाला शून्यच, तुम्हाला नाही. शून्य दर म्हणजे व्हॅट लागतो पण दर ० टक्के, म्हणून खरेदीवर दिलेला सगळा व्हॅट परत मिळतो, निर्यात बहुतेक सगळीकडे यात येते, ब्रिटनमध्ये पुस्तकं आणि लहान मुलांचे कपडे सुद्धा. करमाफ म्हणजे तो व्यवहार व्हॅटच्या बाहेर काढलेला, विमा, बँकेचं कर्ज, डॉक्टरी सेवा वगैरे, आणि त्यासाठी केलेल्या खरेदीवरचा व्हॅट तुमच्याच गळ्यात. दोन्ही प्रकार एकाच धंद्यात असतील तर खरेदीचा व्हॅट वाटून घ्यावा लागतो आणि ते गणित सोपं नाही, त्याला माणूस लावा. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींना एकच कोड देऊन ठेवलेला असतो, तो आधी बदला.

उलाढाल व्हॅट नंबर सक्तीचा होतो त्या मर्यादेच्या जवळ आलीय. बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढून निम्मं काम तिकडे वळवलं तर नंबर घ्यायची गरज पडणार नाही ना?

वहिनींना विचारलंत का? असो. तुमच्यासारखा विचार करणारे तुम्ही पहिले नाही, त्यामुळे टॅक्सवाल्यांनी त्यावर औषध आधीच शोधून ठेवलंय. एकच जागा, तीच मशिनं, तीच माणसं, तेच गिऱ्हाईक आणि वह्या तेवढ्या दोन, असं दिसलं की ते दोन्ही धंदे एकच धरतात आणि नंबर घ्यायला लावतात. खरोखर वेगळा धंदा असेल, वहिनींचं स्वतःचं काम, स्वतःचं खातं, स्वतःचं गिऱ्हाईक, तर प्रश्नच नाही.

मर्यादा मोजायची कशी इथेही लोक फसतात. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२४ पासून ९०,००० पौंड आहे, पण ते आर्थिक वर्षाचे नाहीत, कुठलेही मागचे १२ महिने. म्हणजे दर महिन्याच्या शेवटी मागे वळून बारा महिन्यांची बेरीज मारायची. एप्रिलअखेर ओलांडली तर ३० मेपर्यंत कळवायचं आणि १ जूनपासून व्हॅट लावायचा. विसरलात आणि डिसेंबरमध्ये आठवलं तरी व्हॅट १ जूनपासूनचाच मागतात, आणि तेव्हाच्या गिऱ्हाईकांकडे आता कुठे जाणार मागायला, ते मात्र खरंच तुमच्या खिशातून जातं. संयुक्त अरब अमिरातीत ३ लाख ७५ हजार दिरहॅमला सक्ती आहे आणि १ लाख ८७ हजार ५०० ला हौसेने घेता येतो. हौसेने कोण घेतं असं वाटेल, पण ज्यांचं गिऱ्हाईक मोठ्या कंपन्या आहेत त्यांना फायद्याचंच पडतं, गिऱ्हाईक तो व्हॅट वजा घेतं आणि तुम्हाला खरेदीचा सुटतो. गिऱ्हाईक घरगुती असेल तर मात्र घाई नको.

आणि एक, नंबर मिळायच्या आधीच बिलावर व्हॅट लिहिणारे महाभाग आहेत. लिहिलात की भरावा लागतो, नंबर असो नसो, वर दंड. नंबर येईपर्यंत रक्कम वाढवून घ्या, गिऱ्हाईकाला तसं सांगा, आणि नंबर आला की पक्कं बिल द्या.

मी ऑनलाइन कोर्स विकते. गिऱ्हाईक युरोपातल्या कुठल्याही देशातलं असतं, मी युरोपबाहेर. दर देशात नंबर घ्यायचा का? वेडच लागायची पाळी आलीय.

वेड लागू देऊ नका, वाटतं तितकं वाईट नाहीये. पहिला प्रश्न, कोर्स कसा आहे? रेकॉर्ड केलेला, पैसे भरले की आपोआप उघडणारा असेल तर तो डिजिटल सेवा धरला जातो. तुम्ही समोर बसून जिवंत शिकवत असाल तर नियम निराळे. तुमच्या पत्रावरून पहिला प्रकार वाटतो, त्याचंच सांगते.

दुसरा प्रश्न, घेणारा कोण, धंदा का साधा माणूस? धंदा असेल तर तुम्ही व्हॅट लावायचाच नाही, तो घेणारा स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवतो, यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. फक्त त्याने दिलेला नंबर खरा आहे का ते व्हीआयईएस या युरोपियन कमिशनच्या साइटवर तपासायचं आणि उत्तराचा छापा तारखेसकट ठेवायचा. नंबर आज चालू असतो आणि पुढच्या महिन्यात रद्द झालेला असतो, त्यामुळे एकदा तपासून कायमचं डोळे मिटायचे असं करू नका. नंबर दिलाच नाही तर तो साधा माणूस धरून चाला.

साधा माणूस असेल तर तो ज्या देशात राहतो तिथला दर. हंगेरीत २७ टक्के, लक्झेंबर्गमध्ये १७, मधे बाकीचे. म्हणजे कोर्सची किंमत सगळ्यांना सारखी ठेवलीत तर हंगेरीच्या माणसामागे तुमच्या हातात कमी पडणार, हे किंमत ठरवतानाच लक्षात घ्या. दर देशात नंबर मात्र नको. वन स्टॉप शॉप, म्हणजे ओएसएस, नावाची सोय १ जुलै २०२१ पासून आहे, एका देशात नोंद करायची, तिमाहीला एकच रिटर्न, तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत, पैसेही तेव्हाच, आणि ते पुढे ज्याचे त्याला वाटतात. तुम्ही बाहेरच्या असल्यामुळे पहिल्या विक्रीपासूनच. जी १०,००० युरोंची सूट तुम्ही कुठेतरी वाचलीय ती युनियनमधल्या एकाच देशात बस्तान असलेल्या धंद्यांना आहे, तुम्हाला नाही.

माणूस कुठे राहतो हे सिद्ध करायला दोन वेगवेगळे पुरावे लागतात आणि ते एकमेकांशी जुळले पाहिजेत, बिलाचा पत्ता, कार्ड कुठल्या देशातल्या बँकेचं, इंटरनेटचा आयपी पत्ता, यातले कुठलेही दोन. पेमेंट घेतानाच ते साठवून ठेवा. नंतर काढायला गेलं तर तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखं होतं. आणि हे रेकॉर्ड १० वर्षं ठेवायचंय, १० वर्षं! तुमच्या पेमेंट कंपनीने तोवर दुकान गुंडाळलं तर? म्हणून स्वतःची प्रत हवीच. ओएसएसच्या रिटर्नमध्ये खरेदीचा व्हॅट वजा मिळत नाही, आणि रक्कम युरोत भरायची, तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा युरोपियन सेंट्रल बँकेचा दर लावून. रोजचे दर लावून छान तक्ता केलाय तुम्ही, मेहनत दिसते, पण तो बाजूला ठेवावा लागेल.

या तिमाहीत एकही विक्री नाही. रिटर्न भरू का सोडून देऊ?

भरा. शून्य शून्य लिहून भरा. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२३ पासून उशिरा भरलं की पॉइंट चढतो, तिमाही भरणाऱ्याचे चार पॉइंट झाले की २०० पौंड दंड, आणि शून्याचं रिटर्न उशिरा गेलं तरी पॉइंट चढतोच चढतो.

मागच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये चूक सापडलीय. कुणाच्या लक्षात आलेली नाही. गप्प बसावं का?

तुमचं नाव छापत नाही, काळजी करू नका. पण गप्प बसू नका.

माझीच गोष्ट सांगते. नवीन असताना एका क्लायंटचं रिटर्न भरलं आणि परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद, विक्रीतून वजा केली, ठीक, पण तीच क्रेडिट नोट सॉफ्टवेअरने खरेदीतही घेतली होती, म्हणजे एकाच रकमेची वजावट दोनदा. रिटर्नमध्ये काही वेगळं दिसलं नाही, आकडा छानच दिसत होता, थोडा जास्तच छान. सापडलं कधी, तर पुढच्या तिमाहीत व्हॅटच्या खात्याची बाकी आणि रिटर्नचा आकडा जुळेना तेव्हा. तीन संध्याकाळी एकेक एंट्री टिक करत बसले. क्लायंटला सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं, दुरुस्ती केली, थोडं व्याज गेलं आणि विषय संपला. तेव्हापासून रिटर्न भरायच्या आधी विक्रीची खतावणी, व्हॅटचं खातं आणि रिटर्नचा मसुदा हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

तुमच्या बाबतीत, चूक लहान असेल तर पुढच्या रिटर्नमध्येच ती सरळ करून टाकता येते. ब्रिटनमध्ये निव्वळ चूक १०,००० पौंडांपर्यंत असेल तर तसं करता येतं, मोठ्या उलाढालीला त्याहून थोडी जास्त सूट आहे, आणि चार वर्षांच्या आतली असली पाहिजे. त्याच्या वरची वेगळी कळवावी लागते. मुद्दाम केलेली असेल तर लहान असली तरी वेगळीच कळवायची, तिथे सूट नाही. आपणहून सांगणाऱ्याला दंड कमी लागतो, कधी लागतही नाही, आणि नोटीस आल्यावर सांगणाऱ्याला तो फायदा तितका मिळत नाही. चूक का झाली, कधी कळली, कशी सुधारली, हे पाच ओळींत लिहून त्या रिटर्नच्या फाइलला लावा.

एक जण मोबाइल फोन बाजारभावाच्या खूप खाली देतोय, पक्क्या बिलासकट, व्हॅट नंबरही खरा आहे. घ्यावेत का?

स्वस्त का देतोय हे त्याला विचारलंत का? छोटे, महाग, पटकन हलवता येणारे मोबाइल आणि चिप्स हा व्हॅट बुडवणाऱ्यांचा आवडता माल आहे. माल परदेशातून शून्य दराने आणायचा, इथे व्हॅट लावून विकायचा, व्हॅट न भरता गायब व्हायचं, हा त्यांचा खेळ, आणि तो बुडवलेला व्हॅटच तुमच्या 'स्वस्त'मधून दिसत असतो. युरोपियन न्यायालयाने २००६ सालीच सांगून ठेवलंय की व्यवहारात लबाडी आहे हे तुम्हाला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं तर तुमची वजावट नाकारता येते. 'असायला हवं होतं' हे शब्द नीट वाचा. बिल पक्कं, नंबर खरा, तरी वजावट गेली. कालपर्यंत दुसराच धंदा करणारा माणूस आज ट्रकभर फोन विकतोय, पैसे तिसऱ्याच देशातल्या खात्यात मागतोय, असं काही दिसलं तर लांब राहा.

म्हणतात की आता ई-इनव्हॉइस आलं की रिटर्नच बंद होणार. मी तर पीडीएफ ईमेल करतो, म्हणजे मी आधीच ई-इनव्हॉइस करतोय ना?

नाही हो. पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो, माणसाला वाचता येतो, मशिनला सरळ वाचता येत नाही. ई-इनव्हॉइस म्हणजे ठरलेल्या साच्यातली फाइल, एक्सएमएलसारखी, ज्यात तारीख, नंबर, दर, रक्कम आपापल्या खणात असतात. जर्मनीत १ जानेवारी २०२५ पासून देशातल्या देशात धंद्याधंद्यांत अशी फाइल घेता आलीच पाहिजे, साधा ईमेल पत्ता असला तरी घेण्यापुरतं चालतं. पाठवायची सक्ती टप्प्याटप्प्याने, आधी मोठ्यांना २०२७ पासून, मग सगळ्यांना २०२८ पासून. इटली तर फार पुढे आहे, तिथे १ जानेवारी २०१९ पासून बिल सरकारी यंत्रणेतूनच जातं, तिच्यातून गेलं नाही तर बिल फाडलंच नाही असं धरतात. स्पेनमध्ये मोठ्या कंपन्या चार दिवसांत बिलाचा तपशील कळवतात. युरोपियन युनियनने मार्च २०२५ मध्ये ठरवलंय की १ जुलै २०३० पासून युनियनमधल्या दोन देशांमधल्या धंद्यांच्या व्यवहारालाही हेच लागू.

रिटर्न बंद होईल की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण 'तिमाहीअखेर बसून सगळं नीट करू' हे दिवस मात्र चाललेत. बिलात चूक केलीत आणि दोन दिवसांत ती सरकारच्या मशिनमध्ये पोचली, तर मग खोडून नवीन बिल द्यायचं नाही, क्रेडिट नोट काढायची, मग दुसरं बिल. ब्रिटनमध्ये अजून तसं नाही, तरी मेकिंग टॅक्स डिजिटल या सरकारी योजनेखाली एप्रिल २०२२ पासून नंबर असलेल्या जवळपास सगळ्यांना वह्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवाव्या लागतात आणि तिथूनच रिटर्न जातं. एक्सेल चालतं, पण एका शीटमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा कॉपी पेस्ट करणं चालत नाही, जोडणी डिजिटल हवी. 'मी वहीत लिहितो आणि मुलगा टाइप करतो' असं एका काकांनी लिहिलंय, काका, मुलाला थेट सॉफ्टवेअरमध्येच टाइप करायला सांगा, तुमची वही तुमच्याजवळ राहू द्या.

शेवटचा छोटा प्रश्न, बिल नंबर ओळीने नसेल, मधे एखादा गाळला, तर काय होतं?

गाळलेला नंबर दिसला की तपासनीसाच्या डोक्यात पहिला विचार येतो की ते बिल रोखीत घेऊन दडवलं. बिल रद्द झालं असेल तर त्याची प्रत 'रद्द' लिहून तशीच ठेवा, सॉफ्टवेअरमधून पुसू नका. तुमच्या ११८ नंतर १२० आहे, ११९ शोधा, बहुतेक छापताना प्रिंटर अडकला म्हणून दुसरं काढलं असणार. सापडलं की त्याच्यावर तारीख घालून फाइलला लावा.